तेहतीस अनारसे आणि एक नाकाबंदी

कुवेतला नोकरी लागलेल्या मराठी माणसाच्या घरी एखाद वेळेस नातेवाइकांचे पेढे पोचायचे राहत, पण शर्वरीचा फोन पोचायचा राहत नसे. हे काम तिला कुणी सोपवलेलं नव्हतं. ती एका इस्पितळात एक्स-रे काढायची, नवरा सलील शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. घर अब्बासियात, तिसऱ्या मजल्यावर. खाली केरळी वाणी आणि समोर कंपन्यांच्या बसगाड्यांचा थांबा. अशा बाईला दुसऱ्यांच्या बॅगांत डोकं घालायचं काही कारण नाही. पण ती स्वतः पहिल्यांदा नाशिकहून निघाली तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ज्याला कुणी सांगत नाही तो पुढे जन्मभर इतरांना सांगत सुटतो.

"लोणचं खुशाल आणा," ती सांगायची. "पापड, कुरडया, मेतकूट, काय हवं ते आणा. खसखस मात्र आणू नका. चिमूटभर नको, मसाल्यात दळलेली नको, डिंकाच्या लाडवात नको, अनारशाला लावलेली नको. आपल्याकडे ती वाण्याकडे पुडीत मिळते. पण ते अफूच्या बोंडातलं बी आहे आणि इथे ते अमली पदार्थांत धरतात. सापडलात तर आधी कोठडी, मग परतीचं विमान. नोकरी, घर, इकामा, सगळं मागे."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. माणसाची इथली पत, गाडी, बँकेतलं खातं, बायको, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं असतं. शर्वरी हे इतक्या कळकळीने सांगायची, की महाराष्ट्र मंडळात तिला पाठीमागे खसखसताई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, कारण तिच्या हातची पुरणपोळी चांगली होती.

वडिलांना मात्र तिने हे सगळं सांगितलं नाही. "बाबा, खसखस तेवढी आणू नका," एवढंच म्हणाली. राजाभाऊ राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हातभट्ट्या फोडण्यात आणि पोस्ताची, म्हणजे अफूच्या वाळक्या बोंडांची, पोती पकडण्यात त्यांची उमर गेलेली. अशा माणसाला अफूचं बी समजावून सांगायचं म्हणजे सोनाराला कसोटी शिकवण्यासारखं.

"तू मला शिकवणार?" राजाभाऊ फोनवर म्हणाले होते. "खसखस नाही आणत. झालं?"

आई येणार नव्हती. सुमनबाईंचा गुडघा नुकताच बदलला होता आणि नवीन गुडघ्याला विमान मानवेल की नाही याबद्दल डॉक्टरांपेक्षा शेजारणींची मतं ठाम होती. तेव्हा राजाभाऊ एकटेच आले. विमानतळावर त्यांची बॅग यंत्रातून गेली, पलीकडे निघाली, आणि ते छाती काढून बाहेर आले. आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडलेल्या माणसाला आपली बॅग न उघडता सोडावी, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं असावं. "तपासणी फार ढिली हो," ते गाडीत बसल्या बसल्या जावयाला म्हणाले.

कुवेत त्यांना एकूण पटलं. उंच इमारती पटल्या, खजूर पटले, पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त हे पटलं नाही म्हणून त्यांनी पंपावर उतरून पाटी वाचली. सर्वांत मोठा धक्का तिसऱ्या दिवशी बसला. जेवताना सलील सहज म्हणाला, "इथे दारू पूर्ण बंद आहे, बाबा. कुठेच मिळत नाही."

राजाभाऊंचा घास हातातच राहिला. "परवान्यावर?"

"परवानाच नाही."

"म्हणजे आमचं खातंच नाही?"

"नाही."

"मग ह्या लोकांचं भागतं कशावर?"

"तेलावर, बाबा."

एक अख्खं राष्ट्र उत्पादन शुल्काशिवाय उभं आहे ही गोष्ट राजाभाऊंना झोपेपर्यंत पुरली.

शुक्रवारी सुट्टी. दुपार कलल्यावर तिघं निघाले. बाबांना जावयाचा कारखाना निदान बाहेरून दाखवायचा, मग पुढे दक्षिणेला समुद्रावर जायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी, असा बेत. सलील गाडी चालवत होता. सलीलबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे, की रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही तो वळायचा दिवा लावायचा. इतक्या वर्षांत त्याने सिग्नल तोडला नव्हता, आवाज चढवला नव्हता आणि शर्वरीच्या माहितीप्रमाणे खोटं म्हणून बोलला नव्हता. राजाभाऊ त्याच्या शेजारी, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन. शर्वरी मागे.

"बाबा, ती पिशवी डिकीत ठेवते ना."

"नको. औषधं आहेत."

बाहेर पंचेचाळीसच्या पुढची उष्णता, आत एसी. मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या धुराड्यांवरच्या ज्वाळा भर उन्हातही दिसत होत्या. राजाभाऊंनी काचेतून हात जोडले. शर्वरीने विचारलं कशाला, तर म्हणाले, "अग्नी आहे ना? मग." शुऐबाचा कारखाना त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिला आणि "पहारा चोख आहे" असा शेरा दिला. जावयाच्या नोकरीबद्दल त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळणार नव्हती.

मग म्हणाले, "समुद्र अजून किती लांब? शास्त्राला वाहतं पाणी लागतं, पण म्हटलं समुद्र चालेल."

"कसलं शास्त्र?" शर्वरीने विचारलं.

राजाभाऊ हसले. लहानपणी जत्रेतून काही आणलं की हसायचे तसे. "अधिक महिना चालू आहे, विसरलीस? जावयाला वाण नको द्यायला? तुझी आई म्हणाली, इतक्या लांब जाताय ते रिकाम्या हाताने जाऊ नका. मुलगी नि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण." आणि त्यांनी पिशवीतून पितळेचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

गाडीत साजूक तुपाचा वास पसरला. आत अनारसे होते. तेहतीस. अधिकाच्या वाणाला तेहतीसच लागतात. बदामी रंगाचे, फुललेले, सुरेख जाळी पडलेले. आणि प्रत्येकाच्या जाळीत, अगदी भोकाभोकात, खसखस रुतून बसलेली.

रोज पेशंटांना श्वास रोखायला सांगणाऱ्या शर्वरीने स्वतःचा श्वास रोखला तो सोडायचा विसरली. गेले पाच दिवस हा डबा तिच्या घरात होता. तिच्या पाहुण्यांच्या खोलीत, तिच्या कपाटात, ती रोज झाडत होती त्या फळीवर. लोकांच्या बरगड्यांच्या आतलं तिला दिसत होतं, आणि स्वतःच्या घरातला पितळेचा डबा दिसला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं खसखस आणू नका."

"कुठे आणली? हे अनारसे आहेत."

"त्यांच्यावर काय आहे?"

"त्यांच्यावर असते ती. अनारशाला खसखस नाही तर काय साबुदाणा लावायचा?"

"अहो बाबा, ह्याला इथे..."

"हे बघ," राजाभाऊ मागे वळून, ज्या सुरात पूर्वी नव्या जवानांना शिकवायचे त्या सुरात म्हणाले, "बोंड वेगळं, चीक वेगळा, बी वेगळं. बियांना कायद्यात सूट आहे. मी ह्या विषयावर कोर्टात साक्ष दिलेली आहे."

"कुठल्या कोर्टात?"

"निफाडच्या."

म्हणजे राजाभाऊंनी येताना औषधं, गरम टोपी, अनारसे आणि भारताचा कायदा एवढं सामान आणलं होतं. त्यातल्या शेवटच्या वस्तूला इथे कुणी विचारत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सलीलचे कान पांढरे पडले होते. माणसाचे कान लाल होतात हे शर्वरीने पाहिलं होतं. पांढरे पडतात हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "पुढे थांबवतो," तो म्हणाला. "कुठेतरी टाकून देऊ."

"अन्न टाकायचं?" राजाभाऊ दचकले. "वाणाचं?"

आणि तेवढ्यात गाड्यांचा वेग मंदावला. पुढे निळे-लाल दिवे, नारिंगी शंकू, आणि एकेक गाडी थांबवून आत बघणारे पोलीस. नाकाबंदी. वळायला जागा नव्हती. असती तरी नाकाबंदी पाहून वळणाऱ्या गाडीचं काय करतात हे तिघांनाही माहीत होतं, राजाभाऊंना तर खात्यातून.

"बाबा, झाकण लावा!"

"अजिबात नाही," राजाभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "लपवणाऱ्यालाच आम्ही धरायचो. उघडं ठेवलं की कुणी बघत नाही."

"तुम्ही आता त्या बाजूला नाही आहात, बाबा!"

"आणि तो शब्द उच्चारू नका," सलील रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "अरबीतही जवळजवळ तसाच आहे. खशखाश."

राजाभाऊंनी पहिल्यांदाच जरा गोंधळून जावयाकडे पाहिलं. पण झाकण लावायचं राहिलंच, कारण काच खाली गेली होती आणि बाहेरून भट्टीसारखी हवा आणि एक तरुण पोलीस एकदमच आत वाकले होते.

"बताका."

सलीलने दोघांची ओळखपत्रं दिली. शर्वरीने बाबांचा पासपोर्ट पुढे केला. पोलिसाने कार्डं पाहिली, माणसं पाहिली, आणि मग त्याची नजर म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या पितळेच्या डब्यावर आली.

"शिनू हाधा?" हे काय, म्हणून त्याने विचारलं.

गणवेशातल्या माणसाने प्रश्न केला, तेव्हा राजाभाऊ सवयीने ताठ बसले. "स्वीट, सर. फॉर सन-इन-लॉ." आणि आरोपी दाखवावा तसं सलीलकडे बोट केलं.

पोलीस हसला. मग त्याने वाकून बोट अनारशावर रोखलं. वरचे ते पांढरे दाणे. "आणि हे?"

राजाभाऊंनी तोंड उघडलं. शर्वरीने मागून दोन्ही गुडघे त्यांच्या सीटमध्ये रोवले.

"सिमसिम," सलील म्हणाला.

सिमसिम म्हणजे तीळ. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर शर्वरीलाही ते तीळ वाटले. अकरा वर्षं जिच्या साडीचं कौतुकही त्याने विचार करून केलं होतं, तिच्यासमोर हा माणूस गणवेशधारी पोलिसाच्या डोळ्यांत बघून अरबीत खोटं बोलत होता, आणि त्याचा वळायचा दिवासुद्धा नियमाप्रमाणे लुकलुकत होता.

"सिमसिम. झैन," पोलीस म्हणाला. छान.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण राजाभाऊंच्या घरी कुणी अनारशाला छान म्हणावं आणि हात रिकामा घेऊन जावं, असं कधी झालं नव्हतं. "प्लीज टेक, सर!" त्यांनी डबा खिडकीकडे धरला.

पोलिसाने छातीवर हात ठेवला. "साइम." मग हिंदीत समजावून सांगितलं, "रोजा है, बाबा." बकरी ईद जवळ आलेली, त्याआधीचे रोजे बरेच जण धरतात.

देव आहे, शर्वरीला वाटलं. तिला एवढंही वाटायला फार वेळ मिळाला नाही.

"देन फॉर इव्हनिंग!" राजाभाऊ म्हणाले. त्यांनी डॅशबोर्डवरच्या डब्यातून टिश्यू ओढला, दोन अनारसे (एक कसा द्यायचा?) नीट गुंडाळले आणि त्याच्या हातात ठेवले. पोलिसाने ते जपून गस्तीच्या गाडीत, वायरलेसशेजारी ठेवले. "मशकूर, बाबा," आभार मानले, कार्डं परत दिली, आणि हात हलवला.

नाकाबंदी आरशात लहान होत गेली. मग शर्वरी म्हणाली, "पुरावा पोलिसांच्या गाडीत आहे."

"हो," सलील म्हणाला.

"आपले नंबर त्याने पाहिलेत."

"हो."

"तू खोटं बोललास."

"हो."

"इतकं सहज?"

"सवय नव्हती," सलील म्हणाला. "आपोआप आलं." आणि मग त्याने गाडी कडेला घेतली, दिवा लावून, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे हात इतके थरथरत होते, की अंगठी स्टिअरिंगवर वाजत होती.

राजाभाऊंनी तो आवाज ऐकला. जावयाच्या हाताकडे पाहिलं. कितीतरी घरांत ते झडतीला गेले होते, आणि असे हात त्यांनी कितीतरी पाहिले होते. ते नेहमी समोरच्यांचे असायचे.

"खरंच काढतात का हो देशातून?" त्यांनी हळूच विचारलं.

"काढतात, बाबा," शर्वरी म्हणाली. "आधी आत ठेवतात. तुम्हालाही."

राजाभाऊंनी झाकण लावलं.

समुद्रावर उकाड्याने हवा घट्ट झाली होती. लांबवर एक इजिप्शियन कुटुंब मांस भाजत होतं. सलील म्हणाला, आत्ताच्या आत्ता डबा पाण्यात रिकामा करू. राजाभाऊंनी हात आडवा धरला. धक्का ओसरला होता आणि खातं जागं झालं होतं.

"मुद्देमाल असा नष्ट करत नाहीत. आधी ताब्यात घ्यावा लागतो. तुम्ही आधी वाण घ्या, म्हणजे माल तुमच्या ताब्यात आला. मग मी नष्ट करतो. शर्वरी पंच. दोन पंच लागतात, पण एवढ्या उन्हात दुसरा कुठून आणू?"

म्हणून कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावर, घामाने भिजलेल्या शर्टात, सलील पूर्वेकडे तोंड करून वाळूत बसला. राजाभाऊंच्या पिशवीतलं निरांजन वाऱ्याने तीनदा विझलं, चौथ्यांदा राजाभाऊंनी ते लागलं असं धरलं. कुंकू लावलं. डबा जावयाच्या हातात दिला आणि त्याला वाकून नमस्कार केला. जावई नारायण, पण ह्या नारायणाची नजर सारखी रस्त्याकडे जात होती.

"एक तरी चाखा," राजाभाऊ म्हणाले. "सुमनने तीन दिवस तांदूळ भिजवलेत. गुडघा धरून तळलेत."

"आमच्याकडे कधीही लघवी तपासतात, बाबा," सलील म्हणाला. त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. "ह्याच्या चार दाण्यांनीसुद्धा तपासणीत अफू दिसते."

राजाभाऊंनी मान हलवली. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि एकेक अनारसा कुस्करून लाटेवर सोडला. एकतीस. प्रत्येकाला ओठ हलत होते. मोजत होते की आणखी काही म्हणत होते, ते शर्वरीला कळलं नाही. मासे आले. डबा त्यांनी वाळूने घासला, धुतला, शर्वरीला हुंगायला दिला, आणि "नाश पूर्ण" असं म्हणाले. मग पाण्याकडे पाठ करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

परतीला दुसरा रस्ता नव्हता. सूर्य बुडाला होता, रोजा सुटला होता, आणि म्हणजे ते दोन अनारसे आता कुणाच्या तरी पोटात होते किंवा कुणाच्या तरी टेबलावर. शर्वरी दोन्ही शक्यतांची सगळी टोकं गाठून आली. त्या पोलिसाच्या आईने ओळखलं तर? घरात भारतीय स्वयंपाकीण असली तर? तिच्या मनात घराची आवराआवर सुरू झाली. फ्रीज कुणाला द्यायचा इथपर्यंत ती पोचली होती.

नाकाबंदी तिथेच होती. तोच पोलीस होता. त्याने लांबूनच गाडी ओळखली आणि हात वर केला.

काच खाली गेली. तो ह्या वेळी सलीलकडे वाकला नाही. गाडीला वळसा घालून थेट राजाभाऊंच्या खिडकीशी आला.

"बाबा!"

राजाभाऊंनी हात मांडीवर जुळवून ठेवले होते. बेड्यांसाठी ठेवावेत तसे, असं शर्वरीला वाटलं.

"मीठा बहुत अच्छा," पोलीस म्हणाला. बोटं ओठांना लावून दाखवली. मग चेहरा जरा वाकडा केला, वडीलधाऱ्याला वाईट वाटू नये अशा बेताने. "लेकिन सिमसिम... पुराना है. खुशबू नहीं."

आता काय होणार ते फक्त शर्वरीला माहीत होतं. सुमनबाईंच्या रांधण्याला नाव ठेवलेलं राजाभाऊंनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. सख्ख्या बहिणीने एकदा कढी पातळ म्हटली, तर चार महिने बोलले नव्हते. त्यांची मान ताठ झाली. गळ्याची शीर उभी राहिली. "धिस इज नॉट..." ते म्हणाले.

शर्वरीने डोळे मिटले.

राजाभाऊ थांबले. त्यांनी सलीलच्या स्टिअरिंगवरच्या हाताकडे पाहिलं. अंगठी पुन्हा वाजायला लागली होती.

"येस, सर," ते म्हणाले. "ओल्ड. व्हेरी ओल्ड."

"माफी, बाबा," पोलीस हसून म्हणाला, दारावर दोन थापा मारल्या आणि सोडलं.

घरी येईपर्यंत राजाभाऊंनी डबा काखेतून काढला नाही. अब्बासियाच्या जिन्यातही त्यांनी तो कुणाला घेऊ दिला नाही. सलील सरळ न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बसला. चपला काढतायत तोच फोन वाजला. नाशिकहून सुमनबाई. शर्वरीने स्पीकर लावला.

"काय हो, दिलंत का वाण? तेहतीस पोचले सगळे?"

"पोचले," राजाभाऊ म्हणाले. "दोन पोलिसाने घेतले."

"पोलिसाने? बरं, असू दे. दान ते दान, तोही जावईच धरा. आणि कसे झाले होते? खरं सांगा, उगीच गोड बोलू नका."

राजाभाऊंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने भिंतीकडे पाहिलं. सबंध कुवेतमध्ये ते अनारसे खाल्लेला माणूस एकच होता.

"खाणारा म्हणाला, फार छान," राजाभाऊ म्हणाले.

"आणि खसखस? तिला वास लागला नाही ना?" सुमनबाईंचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला बोलले नाही मी. गुडघ्यामुळे बाजारात जाता आलं नाही, डब्यातली गेल्या दिवाळीचीच वापरली. मला आपली धाकधूक होती, कुणाच्या लक्षात येतंय की काय."

राजाभाऊ पलंगाच्या कडेवर हळूहळू खाली बसले. धुतलेला पितळेचा डबा अजून त्यांच्या काखेत होता.

"अहो? ऐकताय ना? कुणी काही म्हणालं का?"